पकड झाली, पण कुणी केली?

यात्रेतल्या कबड्डीच्या सामन्यात लाउडस्पीकरवर बोलणाऱ्या निवेदकाकडे तुम्ही कधी नीट कान दिला आहे का? चढाईला गेलेला गडी दोघांना बाद करून परतला, की तो ओरडतो, 'अमक्याने दोन गडी टिपले!' तोच गडी पुढच्या चढाईत मातीत आडवा झाला, की निवेदक म्हणतो, 'अमक्याची पकड झाली!' दोन्ही वेळा नाव चढाई करणाऱ्याचेच. टिपले तरी त्याचे, सापडला तरी त्याचे. ज्याने घोटा धरला, ज्याने परतीची वाट अडवली, त्यांचा त्या वाक्यात पत्ताच नसतो. पकड जणू आपोआप झाली, पाऊस झाला तशी.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो, त्यामुळे वाक्यातला हरवलेला कर्ता शोधण्याची खोड मला जडली आहे. कवितेत कर्ता मुद्दाम लपवता येतो, त्यात मजाही असते. इतिहासात मात्र लपलेला कर्ता दोन पिढ्यांत कायमचा जातो. आमच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत याचा अनुभव पावलोपावली येतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात. सकाळी बैलगाडे, दुपारी कुस्त्या, रात्री तमाशा आणि कुठे कुठे दिव्यांच्या उजेडात कबड्डी. कोणत्याही पारावर जाऊन गावच्या जुन्या चढाईपटूंविषयी विचारा, चार नावे पटकन मिळतील, वर दोन दंतकथाही. मग विचारा, तुमच्या गावचा उत्तम डावा कोपरा कोण होता? लोक एकमेकांकडे पाहू लागतात.

हा कोपरा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. कारण टीव्हीवर सामने पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना सात गडी नुसते रांगेत उभे दिसतात.

पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे दोन भाग पडतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. चढाईला आलेल्याने निदान ही तरी ओलांडलीच पाहिजे. तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. तिच्याही मागे उरतात फक्त पावणेदोन मीटर. दोन्ही अंगांना मीटरभर रुंदीच्या राखीव पट्ट्या असतात. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, म्हणजे त्या पट्ट्याही मैदानात जमा होतात. सात जणांचे सारे आयुष्य एवढ्याच जागेत.

त्या सातांपैकी दोघे दोन टोकांना, सर्वांत मागे उभे असतात. ते कोपरे, वर्तमानपत्री मराठीत कोपरारक्षक. त्यांच्या शेजारचे दोघे, ज्यांना इंग्रजीवरून 'इन' म्हणतात. त्यांच्या आत दोघे मध्यरक्षक, म्हणजे 'कव्हर', आणि मधोमध एक. ही रांग सरळ नसते. चढाई करणारा ज्या बाजूला वळतो, त्या बाजूचा कोपरा मागे सरतो आणि दुसऱ्या बाजूचे गडी अर्धवर्तुळ करून पुढे येतात. कोपऱ्याचे काम पायाशी. बोनससाठी पाय लांबवला, हाताने टिपायला कुणी खाली झुकले, की त्याने घोट्यावर झेप घ्यायची. मध्यरक्षकाचे काम वाटेशी. घोटा अडकलेला गडी मध्यरेषेकडे झेपावणार, हे त्याला आधीच ठाऊक हवे. त्याने आडवे येऊन कंबरेला किंवा मांडीला मिठी मारायची. मधल्यांनी साखळी धरायची, म्हणजे एकमेकांचे हात. साखळीचा उपयोग जोर वाढवण्यापुरता नसतो. कुणी एकटा पुढे गेला आणि टिपला गेला असे होऊ नये, यासाठी तो हात असतो. शेजाऱ्याने मनगट ओढले, की आपण मागे यायचे. का, ते विचारायचे नाही.

उर्दू गझलेच्या नादाने मी मराठीत शेर लिहू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पहिली ओळ ऐकणाऱ्याला अडवते आणि दुसरी त्याला पुरता धरते. पहिली ओळ कितीही सुंदर असो, दुसरी वेळेवर आली नाही तर ऐकणारा निसटून जातो. कोपरा आणि मध्यरक्षक यांचे नाते मला तसेच वाटते. घोटा धरणाऱ्याला पुढच्या क्षणी दुसरा गडी आलेला हवा. नाही आला, तर चढाई करणारा त्याला फरफटत नेऊन मध्यरेषेला हात लावतो. मग बाद कोण? घोटा धरणारा. धाडस त्याचे, शिक्षाही त्यालाच. म्हणून पकड ही एका माणसाची कर्तबगारी क्वचितच असते, आणि म्हणूनच बहुधा तिला एक नाव देणे निवेदकाला अवघड जात असावे.

या जागा अनादि काळापासून अशाच होत्या, अशी समजूत करून घेऊ नये. अभिमन्यू आणि चक्रव्यूहाची गोष्ट कबड्डीशी जोडणारे पुष्कळ आहेत, ती गोष्ट मलाही आवडते. पण नदीच्या वाळूत पोरे हुतूतू खेळत, तेव्हा डावा कोपरा, उजवा मध्यरक्षक असे काही नव्हते. हद्दच जिथे पायाने ओढलेली, तिथे कोपरा कुठून येणार? महाराष्ट्रात हुतूतू, तामिळनाडूत चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु, अशी खेळाची नावे वेगळी आणि नियमही वेगळे. महाराष्ट्रातही संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला, की आपला बाद झालेला गडी पुन्हा उठतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद होऊनही गडी खेळत राहतो, गुण तेवढे मोजले जातात. जरा विचार करा, गामिनीत एकेक गडी कमी होत असताना कोपऱ्याची जागा ठरलेली कशी राहील? तीन गडी उरले की प्रत्येकालाच सगळी कामे करावी लागत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या आणि बडोद्याच्या व्यायामप्रेमी मंडळींनी या खेळाला नियमांत बसवले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचे नाव यात आदराने घेतले जाते. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढे संजीवनीचे तत्त्व सगळीकडे मान्य झाले, 'कबड्डी' हे नाव रूढ झाले, आणि शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी गावोगाव फिरून एकच नियमावली रुजवली. बुवांचा जन्मदिवस १५ जुलै, तो महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. बाद झालेला गडी परत येणार हे ठरले आणि मैदानाची मापे पक्की झाली, तेव्हा मागे उभे राहणाऱ्यांना आपापली जागा मिळाली. चुन्याच्या फक्कीने आधी रेषा आखली आणि मग तिच्यामागे माणूस उभा राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये हेच झाले, हे वाचून मला गंमत वाटली. तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राणे घालून खेळायचा, अकरा-अकरा जणांचा. १९०६ मध्ये तिथे चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि चेंडू डोक्यावरून मागे जाऊ लागल्यावर मागे राखण करणाऱ्यांचे महत्त्व वाढले. त्यांच्यातल्या टोकाच्या दोघांना ते 'कॉर्नरबॅक' म्हणतात, म्हणजे कोपरेच! त्यांच्याही मागे 'सेफ्टी' असतात, शेवटची भिंत. नेहमीच्या चौघांबरोबर पाचवा राखणदार आणला, तर त्याला 'निकेल' म्हणतात, कारण तिकडे निकेल हे पाच सेंटचे नाणे. सहावा आला की 'डाइम', कारण डाइम हे दहा सेंटचे, म्हणजे दोन निकेलांचे नाणे. राखणदाराला खुर्द्यातले नाव द्यायचे तिकडच्यांनाही बरे सुचले.

जुन्नरच्या माणसाला मागची राखण समजावून सांगायला खरे तर अमेरिकेत जायची गरज नाही. नाणेघाट घ्या. कोकणातून कल्याण-सोपाऱ्याचा माल त्या खिंडीने वर येई. घाटाच्या तोंडाशी, अगदी कड्यावर जीवधन. तिथून जुन्नरकडे यायला लागले की वाटेवर चावंड, उत्तरेच्या अंगाला हडसर आणि आत, शहराला टेकून शिवनेरी. घाट चढून आलेल्याला पहिल्या गडाने अडवले नाही, तर पुढचा आहेच. किल्ले बांधणाऱ्यांना कबड्डी माहीत होती, असे मी म्हणत नाही. पण खोलीत राखण करावी, एका रेषेत करू नये, ही अक्कल दोन्हीकडे सारखीच आहे. आणि गंमत पाहा, चौघांत नाव एका शिवनेरीचे झाले, त्याचे कारण अर्थातच वेगळे आणि थोर आहे. पण चावंडवर गाडीभर माणसे जाताना मी अलीकडेच पाहू लागलो.

आमच्याकडे कबड्डीची रीतसर विद्या आली ती मात्र घाटावरून नाही, मुंबईहून आली. या दोन तालुक्यांतली माणसे पोटासाठी गिरणीत आणि बाजारात कामाला जात. विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन १२ डिसेंबर १९३० रोजी हुतात्मा झालेले बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार होते. लालबाग-परळच्या गल्ल्यांत मंडळांची कबड्डी जोरात होती. यात्रेला गावी आलेला गिरणी कामगार येताना कपडे आणि मिठाई आणी, तशा पकडीही आणी. मनगट कसे धरायचे, साखळीत कुणाचा हात वर ठेवायचा, हे मी लहानपणी अशाच एका सुट्टीवर आलेल्या माणसाकडून ऐकले. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि पुष्कळ जण गावी परतले, ते कायमचेच. त्या दोन-तीन उन्हाळ्यांत आमच्या आळीच्या संघाचे मागचे गडी एकदम शहाणे झाले. संपाने घरोघरी काय केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. रिकाम्या हातांनी निदान आम्हाला पकड शिकवली.

त्या काळात रेल्वे, बँका, मोठ्या कंपन्या आपले संघ बाळगत आणि खेळाडूंना नोकऱ्या देत. कबड्डीने कितीतरी कष्टकरी घरांत पगार नेला, ही या खेळाची फार मोठी पुण्याई आहे. पण नोकरी मिळायला आधी नाव कुणाच्या कानावर जावे लागते. निवेदकाच्या वाक्यात नाव नाही, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'अमक्याच्या खोलवर चढाया' आणि शेवटी जमलेच तर 'त्यांना सुरेख पकडींची साथ मिळाली'. साथ! तबलजीचेसुद्धा नाव छापतात हो. व्याकरणाची एवढी चर्चा मी उगाच करत नाही. त्या एका वाक्यरचनेत काही जणांची भाकरी अडकली होती.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली, महादेव कोळी समाजाची एक जोडी मला आठवते. डावा कोपरा आणि डावा मध्यरक्षक, नात्याने मेहुणे. दोघे एकमेकांकडे बघत नसत, बोलत नसत. कोपरा नुसता श्वास रोखायचा आणि दुसऱ्याला कळायचे. घोड नदीवर डिंभे धरण झाले, जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते गावच आता जलाशयात आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला बाबू गेनूंचे नाव दिले आहे. खोऱ्यातली कुटुंबे पांगली. त्या जोडीतल्या एकाचे घर एका वसाहतीत गेले, दुसऱ्याचे भलतीकडे. पुढे दोघे वेगवेगळ्या संघांतून खेळले. कोपऱ्याने तसाच घोटा धरला, पण पुढे वाट अडवायला येणारा पाव क्षण उशिरा येई. दोनेक हंगामांत त्याने खेळ सोडला. धरणग्रस्तांचे किती एकर गेले, किती घरे गेली, याचे हिशेब सरकारदरबारी असतात. मोडलेल्या साखळीसाठी त्यात रकाना नव्हता.

मातीवरून खेळ मॅटवर आला तेव्हा मागच्यांचे काम आणखी बदलले. माती पाय धरते. तिच्यात अनवाणी पाय रुतवून उभा राहिलेला कोपरा हलवणे कठीण असे. मॅटवर बूट आले, वेग आला, चढाई करणारा झरकन वळू लागला. नुसत्या ताकदीने मिठी मारणाऱ्यांचे दिवस गेले आणि अंदाज बांधणाऱ्यांचे आले. मध्यरक्षकाने धडक देऊन गडी थेट रेषेबाहेर घालवायचा, हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. मातीवर असे लोटले तर दोघांचीही कातडी निघत असे.

पकडीला नाव मिळाले ते २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यावर. पडद्यावर चढाईचे गुण वेगळे, पकडीचे वेगळे दिसू लागले. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर जादा गुण मिळू लागला. पहिल्यांदाच पोरे पकडीचे आकडे तोंडपाठ सांगू लागली. आणि मग धडा शिकवायला इराणी आले. त्यांच्याकडे कुस्तीची जुनी परंपरा आहे, पायाशी झेपावणे त्यांच्या रक्तात आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत उपान्त्य सामन्यात त्यांनी भारताला २७-१८ असे हरवले. १९९० पासून भारताने कबड्डीचे सुवर्ण कधी सोडले नव्हते. त्या इराणी संघाचा कर्णधार होता फझल अत्राचली, जागा डावा कोपरा. म्हणजे ज्या जागेचे आमच्या पारावर नाव निघत नाही, त्या जागेवरच्या माणसाने आमची अठ्ठावीस वर्षांची सद्दी मोडली. २०२२ मध्ये याच फझलला पुणेरी पलटणने १ कोटी ३८ लाखांना घेतले. पुढच्या हंगामासाठी मोहम्मदरझा शादलू या दुसऱ्या इराणी डाव्या कोपऱ्याला २ कोटी ३५ लाख मोजले. त्याच लिलावात सर्वांत महाग ठरला तो चढाईपटूच, पण दोघांत अंतर आता पंचवीस-सव्वीस लाखांचेच राहिले होते.

१ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार, टाकळी ढोकेश्वरचा. आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागले की हे गाव येते, तालुका पारनेर. आमच्या सीमेपलीकडचा, तरी आम्ही त्याला आमचाच म्हणतो. जुन्नरच्या आमच्या मोहल्ल्यात त्या रात्री जो गलका झाला, तो ईदच्या चंद्रालाही होत नाही. अस्लम चढाईही करतो आणि पकडीतही असतो, त्यामुळे त्याचे नाव घ्यायला निवेदकाला अडचण नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मात्र मी ऐकले ते बोलणे मध्यरक्षकाविषयी होते. तो कुठून आला, केव्हा पुढे सरला, यावर दोन पोरे हातवारे करून भांडत होती. अशा विषयावर भांडण मी आयुष्यात प्रथमच ऐकले.

मुलींच्या खेळाविषयी थोडेसे बोलायला हवे. त्यांचे मैदान १२ मीटर बाय ८ मीटर, निदान रेषा मध्यरेषेपासून तीन मीटरवर. खोली कमी, म्हणून चढाई करणारी लवकर परत पोहोचते आणि मध्यरक्षक मुलीला निर्णयाला वेळ कमी मिळतो. आमच्या भागातल्या शाळांमधून मुलींचे संघ आता नियमित उतरतात. त्यांची साखळी मला मुलांपेक्षा घट्ट वाटते. त्या एकमेकींचे ऐकतात, मुलांतला प्रत्येक जण एकट्याने पकड करायला बघतो. हे माझे मत आहे, क्रीडाशिक्षकांशी माझा यावर वाद चालू असतो.

गेली काही वर्षे मी एक वही ठेवली आहे. यात्रेला, उरुसाला, लग्नाला कुठे गेलो की गावच्या जुन्या खेळाडूंजवळ बसतो आणि मागच्या गड्यांची नावे विचारतो. एकटे नाव घेत नाही, जोडी विचारतो: कोपरा कोण आणि त्याच्या पुढे येणारा कोण. चढाईपटू आधी आपल्याच गोष्टी सांगतात, त्या ऐकून घ्याव्या लागतात. मग हळूच विचारायचे, तुम्हाला सर्वांत जास्त वेळा कुणी धरले? तिथे मात्र ते थांबतात, हसतात आणि नाव सांगतात, गावासकट. ज्याची पकड झाली त्याला ती कुणी केली हे पक्के आठवत असते. ओतूर, बेल्हे, नारायणगाव, मंचर या बाजूची पाने बरीच भरली आहेत. डिंभ्याच्या वरच्या अंगाची तीन पाने अजून कोरी आहेत, तिथली माणसे आता कुठे कुठे राहतात याची चौकशी चालू आहे.